बिबड्यांच्या वेगाने

चैत्र लागला की आमच्या पिंप्राळ्यातल्या कॉलनीत बायका गच्चीवरच मुक्कामाला जातात. सकाळी सातला जिन्यात परातींचा खणखणाट सुरू होतो, नऊपर्यंत गच्चीत पाय ठेवायला जागा उरत नाही. समोरच्या वहिनी दोरीवर जुन्या साड्या बांधताना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करतात, की यंदा बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, फक्त चार किलो. दरवर्षी चार म्हणतात आणि आठ करतात. मी यातलं काहीच करत नाही. मला येत नाही असं नाही हं, पण माझा डबा गावाहून येतो.

यंदाचा डबा गेल्या रविवारी आला. झाकण उघडलं की आधी लसणाचा वास येतो, मग तिळाचा, आणि मग उन्हाचा. उन्हाला वास असतो का, असं विचारणाऱ्याने खानदेशातला एप्रिल पाहिलेला नाही असं खुशाल समजावं. दरवर्षी मी पहिल्यांदा हात खाली घालून जाड्या बिबड्या शोधते. पातळ असतात त्या आईच्या. उजेडाला धरल्या तर पलीकडचं माणूस ओळखू येईल इतक्या पातळ. आणि जाड्या, वेड्यावाकड्या, कडेला बोटांचे ठसे उमटलेल्या असतात त्या दगूमावशीच्या. त्या तळायला वेळ लागतो, तेल पितात, फुलतात त्याही नाराजीने. आमचे हे म्हणतात, "ही बिबडी आहे की भाकरी?" मी म्हणते, गुपचूप खा.

ह्यांना बिबड्यांचं मर्म कळायचं नाही, ते साताऱ्याकडचे. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी माझ्या आईला तोंडावर विचारलं होतं, "ज्वारी भिजवायची, वाळवायची, दळायची, शिजवायची, कापडावर थापून पुन्हा वाळवायची आणि शेवटी तळायचीच. मग आधीच का नाही तळत?" आईने जावई म्हणून सोडून दिलं. दगूमावशीने मात्र त्यांच्या ताटात त्या दिवशी मुद्दाम सगळ्यात जाड बिबडी वाढली.

एका वर्षी मात्र डब्यात जाडी बिबडी एकही नव्हती. सगळ्या आईच्याच, आणि त्याही खारट. मी एक तोंडात घातली आणि डबा पुन्हा तळापर्यंत चाचपला. त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. हा डबा उघडला की ती आपोआप बाहेर येते.

आमचं गाव एरंडोलहून अमळनेरकडे जाताना लागतं. नाव सांगत नाही, कारण पुढे एका साहेबांचा उल्लेख येणार आहे आणि त्यांची नोकरी अजून बाकी आहे. गावाच्या मधोमध डांबरी रस्ता. आमचं घर रस्त्याच्या अलीकडे, दगूमावशीचं पलीकडे, अगदी समोरासमोर. मावशी म्हणजे नात्याची नव्हे. आई आणि ती एकाच वर्षी नव्या नवऱ्या होऊन या गावात आल्या, एकाच विहिरीवर रडल्या आणि तेव्हापासून एकमेकींच्या झाल्या. आई दिवसातून वीस वेळा रस्ता ओलांडायची. विरजण आणायला, विळा द्यायला, कुणाचं लग्न मोडलं ते सांगायला. ती दिसली की मावशी घरात ओरडून सांगायची, "इंदू उनी," म्हणजे इंदू आली. कधीकधी पलीकडे पोचल्यावर काय सांगायचं तेच विसरायची आणि ते आठवायला पुन्हा घरी यायची.

तेव्हा रस्त्यात खड्डे होते. खड्डे म्हणजे काय, एसटी आमच्या गावात शिरली की ड्रायव्हर एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्या हाताने दात सांभाळायचा. गाडी इतकी हळू जायची की भिकाआबा चालत्या एसटीच्या खिडकीतून कंडक्टरला पानसुपारी द्यायचे. हे भिकाआबा आमच्या गावचे पुढारी. निवडून कधी आले नाहीत, पण गावात काही व्हायचं असेल तर आधी त्यांच्या पारावर व्हायचं. याच आबांनी खड्ड्यांच्या विरोधात आंदोलन केलं, दोन दिवस रस्त्यावर आडवे झोपले. तेवढं सोपं होतं, गाड्या मुळात थांबल्यासारख्याच चालायच्या. आणि झाला की हो रस्ता! रुंद, काळाकुळकुळीत, आरशासारखा. उद्घाटनाला आबांनी स्वतः नारळ फोडला.

नारळाचं खोबरं वाटून व्हायच्या आत पहिला डंपर गेला. मग केळीचे ट्रक, मग गाणी लावलेल्या मोटारी. गाव कधी आलं आणि कधी गेलं हे गाडीतल्या माणसांना कळेनासं झालं. भिकाआबा पारावर बसून बघायचे आणि म्हणायचे, "मी तमाखू मयस, तवलोंग अकरा गाड्या निंघी जातीस." हातात तंबाखू, आणि नजर इकडून तिकडे, तिकडून इकडे. संध्याकाळपर्यंत त्यांची मान धरायची.

त्या दिवाळीत आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. तिला लांबचं स्पष्ट दिसायला लागलं होतं, पण लांब म्हणजे किती लांब ते कळत नव्हतं. एका सकाळी ती विरजणाचं भांडं घेऊन निघाली आणि रस्त्याच्या मधोमध उभीच राहिली. इकडून डंपर, तिकडून डंपर. दोन्ही तिच्या पदराला वारा घालून गेले. भांडं लांब जाऊन पडलं आणि त्याच्यावरून तिसरी गाडी गेली. माझ्या भावाने, दादाने, ते चपटं झालेलं भांडं उचलून आणलं, खुंटीला टांगलं आणि आईला सांगितलं, "आजपासून रस्ता ओलांडायचा नाही." दादा जन्मात आईवर ओरडला नव्हता, त्या दिवशी ओरडला. मला त्याने हे फोनवर सांगितलं. मी रडले. आई आज नसती, हे वाक्य मी मनात पुरतं म्हणूसुद्धा शकले नाही.

दगूमावशीचे गुडघे कधीच गेलेले. म्हणजे ती इकडे येऊ शकत नाही आणि आईने तिकडे जायचं नाही. मग नातवंडांनी दोघींना फोन दिले. मी सुट्टीत गेले तेव्हा पाहिलं ते दृश्य. आई आमच्या ओट्यावर, मावशी तिच्या ओट्यावर, दोघी एकमेकींकडे बघत फोनवर बोलतायत.

"काय करी ऱ्हायनी वं इंदू?"

"दिखत नही का तुले? तांदूय निवडी ऱ्हायनू."

"दिखस ना. तरी इचारनं पडस."

मध्ये गाडी आली की दोघी गप्प. गाडी गेली की वाक्य जिथे तुटलं तिथून पुढे. मला आधी हसू आलं आणि हसता हसता वाईट वाटलं. दारासमोरचं माणूस, चाळीस पावलांवरचं, आणि बोलायला रिचार्ज लागतं!

होळीनंतर बिबड्या लागल्या. हे काम एकटीचं नव्हेच. मोठ्या पातेल्यात ज्वारीचं पीठ शिजताना लाकडी दांड्याने सतत हाटावं लागतं, नाही तर खाली लागतं. आईचा हात मिठा-मिरचीत, मावशीचा हाटण्यात. गुडघे गेले तरी मावशीचे दंड पैलवानाचे. त्या वर्षी आईने एकटीने पातेलं चढवलं आणि मावशी फोनवरून हाटायला लागली, म्हणजे सूचना द्यायला. मीठ टाकलं का, असं तिने विचारलं तेवढ्यात डंपर गेला, आणि त्याच्या मागे दुसरा. मावशीला उत्तर ऐकू गेलं नाही म्हणून तिने पुन्हा विचारलं, आणि आईला वाटलं ती पुन्हा टाक म्हणतेय. असा तो खारट डबा माझ्याकडे आला. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि गावाला गेले.

म्हटलं गाड्यांच्या वेगाबद्दल अर्ज कुणी केलाय का? तर केलेला! दिवाळीतच, आबांनी. त्यात लिहिलं होतं, तंबाखू मळून होईपर्यंत अकरा गाड्या जातात, तरी कृपा व्हावी. मी डोक्याला हात लावला. मी शाळेत कारकून आहे, अर्ज हा माझा प्रांत. मी बसले आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'आपले विश्वासू ग्रामस्थ' पर्यंत दीड पानाचा ठणठणीत अर्ज केला. गावातून जाताना तीसची वेगमर्यादा, दोन्ही टोकांना पाट्या, दोन गतिरोधक. आबा म्हणाले, "तमाखूनं बी राहू दे ना पोरी, पुरावा शे तो." मी ठेवलं नाही. अजूनही ते मला त्यावरून बोलतात.

खात्याचं पत्र आलं, की वेग प्रत्यक्ष मोजण्यासाठी साहेब अमुक दिवशी येतील. झालं! गावात साहेब येणार म्हणजे काय, मुलगी बघायला आल्यासारखं. आदल्या संध्याकाळी रस्ता झाडला, पाण्याचा सडा मारला. सकाळी अख्खं गाव दोन्ही बाजूंना उभं. त्यातच दादरची काढणी चालू होती. दादर म्हणजे आमची रब्बीची ज्वारी. तिची कणसं आमच्याकडे रस्त्यावर पसरून ठेवतात. जाणाऱ्या गाड्यांची चाकं फिरतात, दाणे आपोआप मोकळे होतात, संध्याकाळी झाडून घ्यायचे. बैलांना चारा लागतो, मळणीयंत्राला डिझेल लागतं, आणि ट्रक फुकट मळून देतो. आमच्या गावाला त्या रस्त्याचा राग होता, पण कणसं पसरायला त्याच्याइतकी गुळगुळीत जागाही नव्हती. रस्त्याच्या कडेने खाटा, खाटांवर साड्या, साड्यांवर बिबड्या आणि कुरडया. मध्ये साहेब, हातात बंदुकीसारखं वेग मोजायचं यंत्र घेऊन.

पहिला ट्रक लांबून आला. त्याने पाहिलं, पुढे एवढी गर्दी, रस्त्यावर काहीतरी पसरलेलं, बायका डोक्यावर पदर घेऊन ओळीने उभ्या. त्याला वाटलं अपघात झालाय. तो बैलगाडीसारखा आला. त्याच्या मागचे सगळे तसेच. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण आमचे भिकाआबा मधोमध उभे राहून प्रत्येक गाडीला हात दाखवायला लागले. "हायू! हायू चालाड! साहेबले मोजू दे!" साहेबांना नीट मोजता यावं म्हणून ते गाड्या हळू करत होते!

मी दात खात होते. "आबा, अहो काय करताय?" तर मला म्हणाले, "इतली जोरमा गाडी जाई ते त्या काय मोजतीन?"

दुपारी साहेबांना जेवायला बसवलं. वांग्याचं भरीत, पुऱ्या, वर तेल घातलेला बिबड्यांचा गरम घाटा, म्हणजे शिजवलेलं ते पीठच. साहेब भला माणूस, तीनदा मागून जेवला. जाताना म्हणाला, "तुमचं गाव फार प्रेमळ आहे." मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ते मी पारावर उभं राहून मोठ्याने वाचलं. सदर ठिकाणी वाहनांचा वेग मुळातच अत्यल्प असून वेगमर्यादेची आवश्यकता दिसून येत नाही. तसेच ग्रामस्थांनी रस्त्यावर धान्य व खाद्यपदार्थ वाळवणे तात्काळ बंद करावे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच! गाड्या हळू करणारी गावात एकच गोष्ट होती, तीही गेली. मी रागाने काय काय बोलले ते आता इथे लिहीत नाही. आबा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी हळूच म्हणाले, "साहेब येस आन गाव घरमा बशी ऱ्हास, आसं कधी व्हयेल शे का?"

रात्रभर मला तेच वाक्य छळत होतं. कारण करायला हवं होतं ते नेमकं तेच. दुसऱ्या दिवशी मी नवा अर्ज लिहिला, आणि गावाला बजावून ठेवलं की साहेब परत येतील त्या दिवशी कुणीही बाहेर पडायचं नाही. कणसं नाहीत, खाटा नाहीत, हारतुरे नाहीत, चहासुद्धा नाही. चहा नाही म्हटल्यावर सभेत खळबळ माजली. दारासमोर आलेल्या माणसाला पाणी न विचारणं, असलं पाप आमच्या गावाने कधी केलं नव्हतं. एक म्हातारा तर म्हणाला, राहू दे ती पाटी. तेव्हा आमची आई उठली. सभेत ती कधी बोलत नाही. ती एवढंच म्हणाली, "मना हातनी बिबडी दगूनी या साल खादी नही." आणि बसली. मग चहाही रद्द झाला.

साहेब आठ दिवसांतच आले. भरताची आठवण त्यांना घेऊन आली असं आबांचं मत आहे. पण त्या दिवशी गावात चिटपाखरू नाही. सगळी दारं लावलेली, आणि प्रत्येक खिडकीच्या फटीत चार-चार डोळे. मी आमच्याच खिडकीत होते. आबांना त्यांच्या सुनेने घरात कोंडून बाहेरून कडी घातली होती, कारण त्यांच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता. आणि रस्ता मोकळा सापडल्यावर गाड्या काय सुटल्या म्हणता! साहेबांचं यंत्र आकडे दाखवत होतं आणि साहेब मागे मागे सरकत होते. शेवटी आमच्या ओट्याला पाठ टेकली.

चैत्रातलं ऊन. बारा वाजले. साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं, रुमालाने मान पुसली, बाटली उलटी करून पाहिली. खिडकीआड आईचा जीव कासावीस. मी तिचा हात धरून ठेवला होता. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून मावशी कुजबुजली, "इंदू, तो साहेब वायी ऱ्हायना वं, बिबडीसारखा."

"मंग काय करू? पोर जाऊ नही देत."

"तू नको जाऊ. अर्जमा मनं नाव नही. मी बलावस."

मला हे सुचलंच नव्हतं! मावशीचं दार उघडलं. ती उंबऱ्यात बसली आणि पाण्याने भरलेला तांब्या उंच धरला. साहेबांना दिसला. त्यांचा चेहरा असा उजळला की बस्स. ते रस्त्याच्या कडेला आले. एक पाय पुढे टाकला. डंपर. पाय मागे. पुन्हा टाकला. केळीचा ट्रक. पाय मागे. तांब्या समोर, चाळीस पावलांवर, आणि साहेब इकडे. पहिली दहा मिनिटं मी हसले, पुढची दहा मिनिटं मला हसू आलं नाही. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, आणि मग त्यांनी यंत्र काखेत धरलं आणि नुसतेच उभे राहिले. आईही त्या सकाळी अशीच उभी असेल.

शेवटी ते पलीकडे गेलेच नाहीत. आईनेच दार उघडलं, माझा हात झटकून, आणि त्यांच्या हातात पाणी दिलं. साहेब ते घटाघटा प्यायले आणि त्यांनी विचारलं, "त्या बाई कोण तुमच्या?" मी सांगितलं, "मैत्रीण." त्यांनी मावशीच्या दाराकडे पाहिलं आणि यंत्रातले आकडे लिहून घेतले. चहा नको म्हणाले. ही गोष्ट आईच्या मनाला अजून लागून आहे.

पाटी आखाजीच्या आदल्या दिवशी लागली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या सणाला लेकी माहेरी येतात, म्हणून मीही गेले होते. तीसचा आकडा, लाल गोल, आणि रस्त्यावर दोन चांगले दणदणीत ब्रेकर. पहिल्या दिवशी आबांच्या नातवाची मोटारसायकल ब्रेकरवरून उडाली आणि आबा स्वतः पेढे वाटत हिंडले. नातवाला काही झालं नाही, मोटारसायकलचा आरसा गेला.

दादाने खुंटीवरचं चपटं भांडं काढलं. आत नेऊन ठेवलं.

आणि आई निघाली. हातात मीठ-मिरची-लसणाचं वाटण, कानाला फोन. ती रस्त्याच्या कडेला पोचली, तर समोर ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर परप्रांतातला होता. त्याने हात केला, "जाओ माताजी."

आई म्हणाली, "तू जाय रे भाऊ, तुले दूर जानं शे."

"नहीं नहीं, आप जाओ."

"आरे तू जाय ना. मले काय घाई शे?"

एवढी मोठी लढाई करून मिळवलेला रस्ता, आणि ही बाई ट्रकला वाट देतेय! मागे तीन गाड्या उभ्या राहिल्या, मग सहा. भोंगे वाजायला लागले. तेवढ्यात मावशी फोनात आणि प्रत्यक्षातही, दोन्हीकडून एकदमच ओरडली, "ये ना वं माय, घाटा करपी ऱ्हायना!" मग आई निघाली. सावकाश. मधोमध थांबून तिने पदर नीट केला, आणि पुन्हा निघाली. मी या काठावर उभी होते आणि माझे डोळे भरून आले होते, कबूल करते.

यंदाच्या डब्यात जाड्या बिबड्या वरच आहेत. मावशीचा हात आता थरथरतो, त्यामुळे बोटांचे ठसे दुहेरी उमटलेत. मी रोज एकच तळते. समोरच्या वहिनी विचारतात, एवढं काय त्यात? काय सांगणार!

त्या दिवशी आई पलीकडे पोचली. मावशीच्या खाटेवर तिच्या शेजारी बसली, वाटण पातेल्यात टाकलं, मावशी पुन्हा हाटायला लागली. दोघींचे फोन अजून कानालाच होते आणि दोघी त्यातूनच बोलत होत्या, मांडीला मांडी लावून. मीठ किती टाकलं, ते विचारून झालं. साहेबांची चौकशी झाली. मग मावशीने शेजारी वळून पाहिलं, आणि फोनात म्हणाली, "चाल, ठेवस वं आते. इंदू उनी."